फॅक्सच्या रकान्याचा सूड

मी एक जुना रकाना आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची फसगत नको. तुम्ही म्हणाल, जुनी वस्तू आहे, थोडी कुरकुर करणारच. तसं नाही. मी चांगला विचार करून रागावलो आहे आणि तो राग अजून उतरलेला नाही.

शाळेच्या अर्जावर नाव, पत्ता, जन्मतारीख अशा चौकटी असतात ना? ती एकेक चौकट म्हणजे एकेक रकाना. मी तसाच, फक्त कागदावर न राहता संगणकात राहतो. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत माझा जन्म झाला. अकराशे चाळीस इमारतींच्या लिफ्ट या कंपनीकडे होत्या. प्रत्येक इमारतीची संगणकात एक ओळ होती. त्या ओळीत आधी इमारतीचं नाव, मग पत्ता, मग फोन आणि शेवटी मी. माझं नाव फॅक्स.

तुमच्यापैकी कोणी फॅक्सचं यंत्र पाहिलं नसेल. इकडे कागद घातला की फोनच्या तारेवरून त्याची नक्कल तिकडे निघायची. मी जन्मलो तेव्हाच त्या यंत्राचे दिवस भरत आले होते, आणि राहत्या इमारतीत ते ठेवणार तरी कोण? पहिली दोन वर्षं मी नुसता रिकामा बसून होतो. शेजारचा फोनचा रकाना भरगच्च, आणि मी नोकरी नसलेल्या दिरासारखा कोपऱ्यात. कोणी हाकलत नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं.

तक्रारींच्या टेबलावर एक बाई बसायच्या. सगळी कंपनी त्यांना काकू म्हणायची. कुठूनतरी फोन यायचा की लिफ्ट अडकली आहे. काकू इमारतीचं नाव विचारायच्या, बटण दाबायच्या आणि प्रिंटरमधून कामाची चिठ्ठी निघायची. ती घेऊन मेकॅनिक निघायचा. चिठ्ठीवर चारच गोष्टी छापल्या जायच्या: नाव, पत्ता, फोन आणि मी. शेरे लिहायला संगणकात वेगळा लांबलचक रकाना होता, पण तो चिठ्ठीवर येत नसे. मग मेकॅनिकला त्याचा उपयोग काय?

एका मेकॅनिकच्या वरच्या खिशात कायम पक्कड असायची, म्हणून त्याचं नावच पक्कड पडलं होतं. एका दुपारी तो फाटक्या विजारीने परत आला.

“काकू, त्या इमारतीत कुत्रं आहे हे तुम्हाला माहीत होतं?”

“होतं की. मागच्या महिन्यात दुसऱ्याला चावलं.”

“मग चिठ्ठीवर लिहून द्यायचं ना. नवी विजार गेली माझी.”

“लिहू कुठे? माझ्या कपाळावर?”

असं म्हणाल्या खऱ्या, पण काकूंनी चष्मा पुसला आणि स्क्रीनजवळ तोंड नेलं. नाव भरलेलं, पत्ता भरलेला, फोन भरलेला. मग त्यांची नजर माझ्यावर आली. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याकडे नीट बघत होतं. त्यांनी दोन बोटांनी टाइप केलं: ‘कुत्रं आहे. आधी घंटा वाजवा.’ प्रिंटर खडखडला आणि चिठ्ठीच्या तळाशी मी छापला गेलो. त्या दिवशी मी खऱ्या अर्थाने जन्माला आलो असं मी मानतो.

त्यानंतर मी भरतच गेलो. माझ्यात साठ अक्षरं मावायची, त्यामुळे काकू मोजकं लिहायला शिकल्या. ‘किल्ली समोरच्या शिंप्याकडे. शिंपी बहिरा, हाताने खुणवा.’ ‘मेन स्विच उलटा. खाली केला की चालू होतो.’ ‘दुसऱ्यावरच्या आजोबांना जिना जमत नाही. अकराच्या आत संपवा.’ मेकॅनिक परत आले की काकूंना सांगायचे आणि काकू माझ्यात लिहायच्या. कंपनीत रीतच पडली. कोणीही चिठ्ठी हातात घेतली की हत्यारांची पिशवी उचलण्याआधी दुसरा विचारायचा, “फॅक्स काय म्हणतो?” मग तो मला मोठ्याने वाचायचा आणि मगच बाहेर पडायचा.

सतराव्या वर्षी कंपनीच्या मालकीणबाईंनी सगळ्यांना एक दिवस सुट्टी दिली, कारण इतक्या वर्षांत एकाही माणसाला मोठी इजा झाली नव्हती. त्यांनी भाषणात शिस्तीचं कौतुक केलं, प्रशिक्षणाचं केलं, नव्या हातमोज्यांचंसुद्धा केलं. माझं नाव निघालं नाही. मला वाईट वाटलं, पण काकूंनी संध्याकाळी निघताना स्क्रीन स्वतःच्या पदराने पुसली आणि मी ते मनाला लावून घेतलं नाही.

माझ्यातली एक ओळ मात्र तुम्ही आत्ताच लक्षात ठेवा. सहाशे बाराव्या इमारतीची ती ओळ. त्या इमारतीची भिंत थोडी खचली होती. त्यामुळे सातव्या मजल्यावरच्या लिफ्टच्या दाराचं कुलूप महिन्या-दोन महिन्यांनी सरकायचं. दार बंद दिसायचं, पण ओढलं तर उघडायचं, आणि लिफ्ट मात्र भलत्याच मजल्यावर असायची. म्हणजे दाराआड सात मजले खोल खड्डा. कुलूप दोनदा बदललं तरी तेच. शेवटी काकूंनी लिहिलं: ‘सातव्याचं कुलूप धरत नाही. दर वेळी हाताने ओढून बघा.’ त्यानंतर जो मेकॅनिक गेला, त्याने ते दार ओढून पाहिलं आणि कुलूप पुन्हा बसवून दिलं.

मग आमच्याकडे एक नवे साहेब आले. जुनं सॉफ्टवेअर आणि जुना डेटाबेस, म्हणजे आमची सगळी माहिती ठेवायचं ते मोठं कपाट, बदलून नवं आणायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांना स्वच्छतेचा भारी शौक. टेबलावर एक कागद वाकडा दिसला तर सरळ करायचे. मेकॅनिक त्यांना पाठीमागे सफाईसाहेब म्हणायचे. माणूस आळशी नव्हता, हे कबूल करतो. त्यांनी धोक्यांची यादी केली होती, चांगली बेचाळीस धोक्यांची, रंगीत छापून भिंतीवर लावलेली. वीज जाणे, डिस्क बिघडणे, व्हायरस येणे, अगदी भूकंपसुद्धा त्यात होता. तक्रारींच्या टेबलावर बसणाऱ्या बाईला काही न विचारणे, हा धोका तेवढा त्यात नव्हता.

कुठला रकाना नव्या घरात न्यायचा आणि कुठला टाकायचा, हे साहेबांनी कसं ठरवलं ते सांगतो. त्यांनी संगणकाला विचारलं, फॅक्सच्या रकान्यात फॅक्सचे क्रमांक किती आहेत? संगणक हुकमाचा ताबेदार. त्याने अकराशे चाळीस ओळी चाळल्या, क्रमांक शोधले आणि प्रामाणिकपणे सांगितलं, शून्य. मग या रकान्यात आहे तरी काय, हे साहेबांनी विचारलंच नाही. त्यांनी तक्त्यात माझ्यापुढे लिहिलं: ‘फॅक्स. वैध नोंदी शून्य. वगळावा.’ एकोणीस वर्षांचं माझं आयुष्य त्या तीन तुकड्यांत मावलं.

काकूंना कुणकुण लागली. बैठक चालू असताना त्या फायली द्यायच्या निमित्ताने आत गेल्या.

“साहेब, फॅक्सचा रकाना नव्यात येतोय ना?”

साहेबांनी तक्ता बघितला. “फॅक्स? काकू, अहो फॅक्स आता कोण वापरतं?”

“आम्ही वापरतो.”

सगळे हसले. साहेब म्हणाले, “तुमचा फॅक्स मी संग्रहालयात पाठवतो हं,” आणि सगळे पुन्हा हसले. काकूंनी फायली टेबलावर ठेवल्या आणि बाहेर आल्या. त्यांचे कान लाल झाले होते. मित्रांनो, मला हसले असते तर मी एक वेळ गिळलं असतं. पण ते काकूंना हसले. घोडामैदान जवळच आहे, असं मी तेव्हाच मनात म्हणालो.

नव्या सॉफ्टवेअरची चाचणी झाली ती तीन खोट्या इमारतींवर. चाचणी इमारत एक, दोन आणि तीन. त्यांच्यात कुत्रं नव्हतं, बहिरा शिंपी नव्हता, खचलेली भिंत नव्हती. चाचणी उत्तम पार पडली यात नवल ते काय? एका रविवारी दिवसाउजेडी सगळं सामान नव्या घरात गेलं. नाव गेलं, पत्ता गेला, तो शिष्ट फोनही गेला. मी मागे राहिलो. जुन्या डेटाबेसचा एक बॅकअप, म्हणजे राखून ठेवायची नक्कल, साहेबांनी एका डिस्कवर काढला आणि यादीतल्या सातव्या धोक्यापुढे बरोबरची खूण केली. ती डिस्क परत उघडते का, हे काही त्यांनी पाहिलं नाही. खालच्या खणाला कुलूप आहे म्हणून डिस्क काकूंच्याच टेबलात ठेवली गेली. अशा रीतीने मी अंधारात, पण काकूंच्या पायाशी राहू लागलो, आणि मला सगळं ऐकू येत होतं.

सोमवारी नवी चिठ्ठी निघाली. रंगीत, गुळगुळीत, वर कंपनीचं चिन्ह. माझ्या जागी ई-मेल नावाचा नवा रकाना बसला होता. नवं सॉफ्टवेअर हुशार होतं. जो मेकॅनिक सर्वांत जवळ असेल त्यालाच ते पाठवायचं. त्यामुळे वर्षानुवर्षं एकेक इमारत सांभाळणारी माणसं भलत्याच इमारतीत जाऊ लागली.

मग सुरू झाली माझी मजा. बुधवारी एका इमारतीतलं कुत्रं चावलं. गुरुवारी एक मेकॅनिक शिंप्याच्या दुकानाबाहेर अर्धा तास ओरडत उभा राहिला आणि शिंपी निवांत काज करत बसला. शुक्रवारी दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा तीन तास जिन्याच्या पायरीवर बसून होते आणि त्यांच्या मुलीने फोनवर काकूंचा उद्धार केला. मी खणात पडल्या पडल्या म्हणत होतो, घ्या आता, शून्य नोंदी. पुढच्या आठवड्यात उलट्या स्विचच्या इमारतीत माणूस पाठवायची वेळ आली, तेव्हा नशिबाने पक्कडच गेला. ती ओळ त्यानेच सांगितलेली असल्यामुळे त्याच्या डोक्यात होती. परत येऊन तो काकूंच्या टेबलाला टेकून उभा राहिला.

“काकू, आज दुसरा कोणी गेला असता तर त्याला उचलूनच आणावा लागला असता.”

काकूंनी त्याच दिवशी साहेबांना लेखी दिलं. बॅकअप उघडा, जुन्या ओळी परत द्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं आणि साहेबांनी ते सगळ्यांना कळावं म्हणून फलकावरही लावलं: ‘फॅक्सच्या रकान्यात फॅक्सचा क्रमांकच लिहावयाचा असतो. चूक वापरणाऱ्याची आहे.’ वाचून काकू जागेवर येऊन बसल्या आणि बराच वेळ त्यांनी फोन उचलला नाही. मला तेव्हा छोटे दणके पुरेनासे झाले. मला मोठा हवा होता, आणि तो साहेबांनाच बसायला हवा होता.

त्यानंतर चार दिवसांनी एका आजींचा फोन आला. सातव्या मजल्यावर थांबताना लिफ्ट झटका देते, असं त्या म्हणत होत्या. चिठ्ठी निघाली. जवळ होता पक्कड, आणि तो त्या इमारतीत आधी कधीच गेलेला नव्हता.

“थांब रे,” काकू म्हणाल्या. “या इमारतीचं काहीतरी होतं. काय होतं बरं?”

“कुणाची इमारत आहे?”

“आपले साहेब राहतात ती. फोन त्यांच्या आईचा होता.”

अकराशे चाळीस ओळी कोणाच्या लक्षात राहणार? काकूंनी कपाळ चोळलं आणि शेवटी म्हणाल्या, “सगळं नीट बघून घे बाबा.” ती ओळ माझ्या पोटात होती, काकूंच्या पायापासून वीतभर अंतरावर. मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला वाटलं, होऊ दे. पक्कड गेला, त्याने झटका काढला, दारं बंद आहेत हे डोळ्यांनी पाहिलं आणि तो परत आला.

दोन दिवसांनी सकाळी साहेब ऑफिसात आले ते घडलेलं सांगतच. त्यांची आई बाजारात जायला निघाली होती. तिला कमी दिसतं, म्हणून ती काठीने पुढची जमीन चाचपत चालते. तिने सातव्याचं दार ओढलं, ते उघडलं, आणि तिने काठी पुढे टेकवली तर खाली काही नव्हतंच. काठी हातातून सुटली. म्हातारी चौकट धरून उभी राहिली आणि सात मजले आपटत जाणारा काठीचा आवाज तिने पूर्ण ऐकला.

मित्रांनो, मला लाज वाटली. काठीच्या जागी आजी गेली असती, आणि ‘होऊ दे’ म्हणणारा मी होतो. पण राग उतरला म्हणाल तर नाही. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

साहेबांनी मालकीणबाईंना बोलावून घेतलं आणि पक्कडला सगळ्यांसमोर उभं केलं.

“याला आजच्या आज काढा. दार एकदा हाताने ओढून बघायला काय होतं याला? एवढी साधी गोष्ट कोणी सांगायला हवी?”

पक्कड खाली मान घालून उभा होता. वीस वर्षांची नोकरी त्याची. तेवढ्यात काकूंच्या खुर्चीचा आवाज झाला. ‘हाताने ओढून’ हे शब्द ऐकले आणि त्यांना सगळं आठवलं होतं.

“सांगितलेलं होतं साहेब. लिहून ठेवलं होतं.”

“कुठे?”

“फॅक्समध्ये.”

मालकीणबाईंनी विचारलं, म्हणजे काय? काकूंनी पहिल्या कुत्र्यापासून सगळं सांगितलं. मालकीणबाई म्हणाल्या, “पक्कडचं काय करायचं ते नंतर ठरवू. आधी तो बॅकअप उघडा.” काकूंनी खालचा खण उघडला आणि कितीतरी दिवसांनी माझ्यावर उजेड पडला.

साहेबांनी डिस्क जोडली. नव्या सॉफ्टवेअरला जुनी नक्कल वाचताच येईना. पुन्हा जोडली, पुन्हा तेच. परत उघडून पाहिलीच नव्हती कधी, तर आधी कळणार कसं? मी मुद्दाम अडून बसलो होतो असं समजा हवं तर. शेवटी सामानाच्या खोलीतून भंगारात निघालेला जुना संगणक स्वतः साहेबांनी उचलून आणला. जुनं सॉफ्टवेअर त्यात अजून होतं. तिसऱ्या खेपेला मी उघडलो, अकराशे चाळीस ओळींसकट.

मालकीणबाईंनी पहिल्या पाच-सहा ओळी वाचल्या आणि खुर्ची मागे सरकवली.

“साहेब, उभं राहून वाचा. पहिल्यापासून, मोठ्याने. मेकॅनिक असतील त्यांना आत बोलवा.”

साहेब वाचू लागले. कुत्रं. शिंपी. उलटा स्विच. आजोबा. जिथे जिथे माणूस मरू शकला असता, ती प्रत्येक जागा त्यांच्याच तोंडून बाहेर येत होती. खोली भरलेली होती आणि या वेळी कोणी हसत नव्हतं. दुपार झाली. सहाशे अकरावी ओळ संपली आणि साहेबांना पुढचा पत्ता दिसला. त्यांनी तो वाचला नाही.

“वाचा ना साहेब,” काकू हळूच म्हणाल्या. “शून्य नोंदींमधली ही एक.”

साहेबांनी वाचलं, “सातव्याचं कुलूप धरत नाही. दर वेळी हाताने ओढून बघा.” पुढे तारीख होती, अकरा वर्षांपूर्वीची. त्यांनी तिथे घर घेतलं त्याच्याही पाच वर्षं आधीची. साहेब मटकन खुर्चीत बसले.

“बसू नका,” मालकीणबाई म्हणाल्या. “अजून पाचशे अठ्ठावीस आहेत.”

आणि त्यांनी त्या वाचल्या, मित्रांनो, शेवटपर्यंत, उभं राहून. एकेक अक्षर मी चवीने ऐकलं. सूड सूड म्हणतात तो हाच असेल, तर मला तो पुरेपूर मिळाला.

पक्कडची नोकरी राहिली. फलकावरची ती सूचना साहेबांनी स्वतःच्या हाताने काढली. मला नव्या सॉफ्टवेअरमध्ये जागा मिळाली, आता साठ नाही, पाचशे अक्षरांची, आणि चिठ्ठीवर ई-मेलच्या वर. साहेब मला ‘सुरक्षा सूचना’ असं भारदस्त नाव देणार होते. काकू म्हणाल्या, “नाव फॅक्सच राहू दे, बदलून कोणाला कळायचं नाही.” साहेबांनी मुकाट्याने मान हलवली. भिंतीवरच्या यादीत आता त्रेचाळीस धोके आहेत, आणि नवा सगळ्यात वर लिहिलेला आहे.

बाळांनो, तुम्ही मोठे व्हाल आणि कधीतरी तुमच्यावरही जुनं बदलून नवं आणायचं काम येईल. खुशाल आणा. पण काही टाकण्याआधी ते उघडून आत बघा. जो माणूस ते रोज वापरतो त्याला विचारा आणि तो ‘आम्ही वापरतो’ म्हणाला तर हसू नका. नक्कल काढाल तेव्हा ती परत उघडते का तेही त्याच दिवशी पाहा.

साहेबांना मी माफ केलेलं नाही. त्यांच्या आईचा हल्ली काकूंना अधूनमधून फोन येतो. लिफ्ट बरी चालली आहे, असं सांगतात, आणि हसून विचारतात, “फॅक्स काय म्हणतो?” त्यांच्याकडूनच कळलं की साहेब रोज सकाळी कामाला निघताना आधी सातव्याचं दार हाताने ओढून बघतात, दोनदा. दार ओढताना त्यांना मी आठवतो. तेवढं मला पुरे आहे.